सव्वा मूठ

यंदा कानबाई उखाच्या खोलीत बसली, याला दोन कारणं होती. एक तिची मर्जी, दुसरं मंदी.

मर्जीबद्दल कोणी काही बोलत नव्हतं. मंदीबद्दल सगळेच बोलत होते. सुरतेत गोडादऱ्यातली लूमची निम्मी खाती आठवड्यातून तीन दिवस बंद राहत होती. एरवी ही कुळदेवी आपल्याकडे बसावी म्हणून खान्देशातून आलेल्या या भाऊबंदकीत ओढाताण व्हायची. भेस्तानचा भगवान तर आपल्या फ्लॅटचा हॉल किती मोठा आहे हे दर श्रावणात हात पसरून दाखवायचा. यंदा भगवानचे हात खिशात राहिले. दुसऱ्याच्या बायकोला ऐनवेळी गुडघेदुखी झाली. शेवटी सगळ्यांना आठवलं, की उखाच्या आईची, कलाबाईची पाळी कित्येक वर्षं चुकतेच आहे.

चुकत नव्हती, चुकवली जात होती. उखाची एकच खोली, वरच्या मजल्यावर, संडास सगळ्या मजल्याला मिळून. "देवीले अवघडल्यासारखं व्हई," असं दर वर्षी कोणीतरी म्हणायचं. देवीला कोणी विचारलं नव्हतं. कलाबाई पदर दाताखाली धरून गप्प बसायची.

आता तिने खोलीला चुना मारून घेतला. मारला उखानेच. त्याच्या खात्याला सुट्टी होती. पंचवीस वर्षं लूमवर उभं राहिलेला माणूस, त्याचे पाय उभेच राहायला शिकलेले. शिडीवर त्याला बरं वाटलं. लूमच्या खडखडाटाने त्याचे कान मात्र गेले होते. उखा कुजबुजला तरी खालच्या किराणावाल्याला ऐकू जायचं. त्यामुळे या घरात गुपित असं काही नव्हतं. चुना किती पातळ झाला, हेही गल्लीला माहीत होतं.

रोटाचे गहू शनिवारी सकाळी मोजले. रोटाची रीत अशी, की कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घालायचे, त्याच्याच जाड पोळ्या, म्हणजे रोट, करायचे, आणि ते फक्त भाऊबंदांनीच खायचे. परक्याला कण द्यायचा नाही. उरले तर पौर्णिमेच्या आत घरच्यांनी संपवायचे. हात धुतलेलं पाणीसुद्धा खड्ड्यात ओतायचं. सुरतेत खड्डा घरात नसतो, रस्त्यावर असतो. पण तो महानगरपालिकेचा म्हणून कलाबाईने तुळशीची कुंडी धरली होती.

कलाबाई एकेक नाव घेत मूठ टाकत होती. थोरल्या आबांची, उखाची, भगवानची. भगवानच्या भावाला झालेल्या वैभवची. वैभवला अजून मानही धरता येत नव्हती, पण त्याची सव्वा मूठ पूर्ण पडली.

उखाची सातवीतली मुलगी वर्षा सूप धरून बसली होती. गहू तिनेच निवडले होते. तिची आई मनीषा घरघंटी धुऊन पुसून कोरडी करत होती.

"आजी, मनी मूठ कवय टाकशी?" वर्षाने विचारलं.

"तुनी नही ऱ्हास."

"कसाले?"

"तू परक्या घरनी. तुनी मूठ तुना सासरले."

"तथा टाकतीन का?"

कलाबाईने क्षणभर विचार केला. तिच्या सासरी तरी टाकलेली नव्हती. ती म्हणाली, "सूप नीट धर."

मग दळणं, मळणं, थापणं. खोलीत धूर आणि श्रावणातला दमट उकाडा, मनीषाच्या पोलक्याची पाठ भिजून काळी झालेली. पुरुष जिन्यात बसून मंदीवर बोलत होते. रोट झाल्यावर त्यांना हाक मारली, आणि सगळे आपापल्या मुठीचं खायला आत आले.

रविवारी कानबाई बसली. सोमवारी बायका तिला डोक्यावर घेऊन नाचत तापीवर गेल्या. तापी तिकडूनच, खान्देशातूनच आलेली, त्यामुळे तिच्याशी बोलताना भाषा बदलावी लागत नाही. या कुळाची कानबाई म्हणजे एक जुना नारळ. तो पाण्यात सोडत नाहीत. बुडवून परत आणतात, आणि ज्याच्या घरी देवी बसली त्याच्या देव्हाऱ्यात तो वर्षभर राहतो. कलाबाईने नारळ देव्हाऱ्यात ठेवला आणि त्या आठवड्यात ती खोलीबाहेर फारशी पडली नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "घरमा मानूस शे."

*

वर्षाच्या शाळेत यंदा संस्कार तास सुरू झाला होता.

शाळेतल्या धार्मिक शिक्षणाची वाढ टप्प्याटप्प्याने झाली. आधी नुसती प्रार्थना होती. मग प्रार्थनेनंतर श्लोक आला. मग श्लोकाचा अर्थ आला. तो पाठ करायचा होता, त्यामुळे समजायची सक्ती नव्हती. मग दोन मिनिटांचं मौन आलं. ते मुलांना आवडलं, कारण त्यात हसू दाबायची मजा होती. शेवटी शनिवारचा खेळाचा तास संस्कारांना मिळाला. खेळाचे सर तसेही बऱ्याचदा कुठल्या ना कुठल्या मोजणीवर असत.

सातवीचा तास कविताबेनकडे होता. बाई मूळच्या अकोल्याच्या, पण सुरतेत शिकवू लागल्यावर सगळ्यांच्या बेन झाल्या. त्यांना मुलांना नुसतं पाठ करायला लावणं जड जात होतं. पहिल्या दोन शनिवारी निम्मा वर्ग झोपला. तिसऱ्या शनिवारी त्याही पेंगल्या. तेव्हा त्यांनी ठरवलं, की प्रत्येकाने आपल्या घरच्या देवाधर्माचं काहीतरी आणायचं आणि त्याबद्दल बोलायचं.

आचार्यसाहेबांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, ही कल्पना फार आवडली. "सरस! फोटो येतील चांगले." दर तासाचा फोटो वर पाठवावा लागे. अध्यात्म झालं की नाही, हे वरच्यांना फोटोवरूनच कळत होतं.

पहिल्या मुलाने दुकानातले पेढे आणले. "हे कुठल्या देवाचे?" बेननी विचारलं. मुलाने खोका उलटा करून पाहिला आणि दुकानाचं नाव सांगितलं. दुसऱ्याने देवाचा फोटो असलेलं कॅलेंडर आणलं. ते गेल्या वर्षीचं होतं.

पुढची पाळी वर्षाची होती. तिने शनिवारी सकाळी डबा भरताना देव्हाऱ्याखालच्या टोपल्यातला एक रोट काढला आणि फडक्यात बांधला. लपवून नाही. आई भांड्यांपाशी होती, आजी आंघोळीला गेली होती. बेननी घरच्या देवाचं आणायला सांगितलं होतं. यापेक्षा घरचं दुसरं काय असणार?

वर्गात ती नीट बोलली. कानबाई कशी येते, बायका कशा नाचतात, तापीचं पाणी कसं लावतात. सव्वा मुठीचं सांगितलं.

"तुझी मूठ कोणी टाकली?" बेननी विचारलं.

"मुलींची नसते, बेन."

बेन मागे वळल्या. फळ्यावर त्यांनीच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : आपण सारे एक. त्या फळ्याकडे पाहून म्हणाल्या, "बरं. दे सगळ्यांना थोडं थोडं."

आठवडा उलटलेला रोट सहज तुटत नाही. वर्षाने तो बाकाच्या कडेवर आपटून फोडला. बीडचा, अकोल्याचा, नंदुरबारचा, ज्याचा हात पुढे आला त्याला तुकडा मिळाला. तिच्या शेजारी बसणाऱ्या शबनम तडवीने हात अर्धाच पुढे केला.

"मी खाऊ का गं?"

"तुझ्या नावाची मूठ नाही," वर्षा म्हणाली. मग तिने जरा विचार केला. "माझ्याही नावाची नाही. खा."

आचार्यसाहेब दारातून फोटो काढत होते. आडवे काढले, उभे काढले. फोन खिशात घालून आत येईपर्यंत रोट संपला होता. फडक्यात चुरा होता, पण चुऱ्याला हात घालणं आचार्यांना शोभलं नसतं.

दुपारी फोटो पालकांच्या ग्रुपवर पडला, तिथून भाऊबंदांच्या.

*

भिकनआबा म्हणजे कलाबाईचे जेठ, थोरले दीर, कुळातले सगळ्यांत मोठे. खात्यातली नोकरी संपल्यावर ते मुलाच्या दुकानात बसून असत. त्यांच्या सुनेने मोबाईल पुढे धरला. आबांना अंधुक दिसायचं, पण रोट दिसला.

रविवारी सकाळी आबा आले. मागे भगवान. भगवान भेस्तानहून मोटारसायकलवर आला होता आणि त्याने येताना नवी टोपली आणली होती. टोपली कशासाठी ते कोणी विचारलं नाही.

घरात आदल्या संध्याकाळीच सगळं कळलं होतं. कलाबाईने वर्षाच्या पाठीत दोन धपाटे घातले होते आणि मग स्वतःच रडत बसली होती. मनीषाने नवऱ्याला म्हटलं होतं, "हळू बोला." उखा म्हणाला होता, "हळूच बोली ऱ्हायनू!" आणि तीन दारं उघडली होती.

आबा खाटेवर बसले. भगवान उभाच राहिला. कलाबाईने डोक्यावरून पदर घेतला आणि चुलीकडे तोंड केलं. लग्न होऊन आल्यापासून ती जेठाशी थेट बोललेली नव्हती. जे बोलायचं ते मधल्या माणसाच्या तोंडून. मधला माणूस आता उखा होता.

"उखा," आबा म्हणाले, "रोट परक्याना पोटमा गया. कुय बाटनं. नारय आते आठे ऱ्हाव्हाव नही."

"काय?" उखाने कान पुढे केला.

"नारय!" भगवान ओरडला. "कुळ बाटलं, नारळ घ्यायला आलोय!"

चुलीकडची पाठ हलली.

"आबा, पोर शे," उखा म्हणाला. "शाळावालासनी सांगं."

"शाळा काय सांगस? रोट वाटा म्हने?"

याचं उत्तर द्यायला कविताबेन आल्या. वर्षानेच सकाळी जाऊन त्यांना गाठलं होतं. बेन जिना चढून धापा टाकत होत्या, चपला बाहेर काढून दारातच खाली बसल्या.

"आबा, चूक माझी आहे. मीच वाट म्हटलं. संस्कार म्हणजे शेवटी काय, आपल्याजवळचं दुसऱ्याला देणं. सगळ्या धर्मांत..."

"बेन," आबांनी हात वर केला. आवाज कडक नव्हता. "धरम नका सांगू. धरम मोठा शे, तो कोठे बी ऱ्हास. मी रोटनं सांगस. आम्ही गाव सोडं तवय हाऊ नारय मी मांडीवर ली उनू. गाडीमा बसाले जागा नही, रातभर उभा, नारय पोटशी. या गावमा आम्ले कोन वळखस? खातामा नंबर, सोसायटीमा प्लॉट. वरीसमा एक दिन रोट खातस, तवय समजस का आम्ही कोन शेतस. तो बी सगळासले दिधा, मंग आम्हनं काय ऱ्हायनं?"

 वर्गात बेनना कोणी असं विचारत नव्हतं. त्यांनी पदराने कपाळ टिपलं.

"मी पण खाल्ला," त्या हळूच म्हणाल्या.

"खादा ना? मंग झालं."

भगवान देव्हाऱ्याकडे सरकला. मनीषा आपसूक मध्ये उभी राहिली, हातात लाटणं तसंच.

"उखा," चुलीकडून आवाज आला. "इचार आबाले. पोर कुयमा शे का नही?"

"आबा! माय इचारस, पोर कुयमा शे का नही?" उखाने विचारलं. गल्लीतली मोटारसायकल पुसणारा माणूस थांबला.

"ऐकं मी," आबा म्हणाले. "पोर कुयमा कशी ऱ्हाई? लोकना घरनी ती."

"मंग सांग त्यास्ले, लोकनी पोरनी काय करं त्याना दंड आम्हले कसाले? मांजरनी रोट पळवा असता, तर नारय लेवाले येता का?"

"मांजरनी पळवा असता तर..." उखाने सुरुवात केली.

"ऐकं!" आबांनी कपाळाला आठ्या घातल्या. मुद्दा त्यांना लागला होता. पण सत्तरी ओलांडलेला माणूस एका मांजराने हरत नसतो. "मांजर आनी पोर एक नही. पोर बापनी मुठमाधलं खास. म्हनजे बापनाच रोट वाटा. दंड बापले."

भगवानने मान डोलावली आणि टोपली दुसऱ्या हातात घेतली.

बाहेर दोन बायका जिन्यापर्यंत आल्या होत्या. वर्षा मोरीच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी धरून बसली होती. उखा आईच्या निरोपाची वाट बघत तिच्याकडे वाकला. पण निरोप आला नाही. कलाबाई उठली, वळली. पदर तोंडावर तसाच होता.

"तिना नावना ऱ्हाता तर तिनी जपा असता," ती म्हणाली. उखाला नाही. आबांना. "लोकनं समजीसन वाटी दिधा. आपलं शे ते कोनी वाटस का?"

खाट करकरली. आबांनी खाली पाहिलं.

"मी दयं, मी मयं, मी थापं," कलाबाई म्हणाली. "पयले सासरानी मूठ खादी, मंग नवरानी, आते पोऱ्यानी खास. मी कवय बोलनू नही. देवी मना घर उनी, आठ दिन ऱ्हायनी. नारय ली जा. पन मंग सांगी जा, आठे बाई मानूस कोन कोन परकं शे. आम्ही बी जातस त्यामांगे."

एवढं बोलून ती खाली बसली. बोलण्यापेक्षा बसायलाच तिला जास्त कष्ट पडले.

 खाली कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. आबांनी चंची काढली, तंबाखू तळहातावर घेतली, आणि मळायची सोडून नुसती पाहत बसले. त्यांची बायको वारून चार वर्षं झाली होती. तिच्या हातचा रोट चांगला फुगायचा.

"उखा," ते म्हणाले. आता त्यांनाच मधला माणूस लागला. "सांग तुनी मायले. नारय ऱ्हाऊ दे."

"काय?"

"ऱ्हाऊ दे! पन दंड शे. पुनवना पहिले एक रोट नवा करा. पोरना नावनी सव्वा मूठ टाका. समदा भाऊबंद येतीन, तोच खातीन. पोर आतेपासून मुठमा." मग ते वर्षाकडे वळले. "आनी मुठमा शे म्हनीसन नियम बी तुले. समजनं का?"

वर्षाने मान हलवली. काय समजायचं ते तिला पुरतं कळलं नव्हतं, पण या घडीला मान हलवणं बरं, एवढं कळत होतं.

"आबा," भगवान म्हणाला. आवाज बदललेला होता. भगवानला तीन मुली. मुलगा नाही. मोजणीच्या वेळी त्याच्या हॉलच्या घरातून एकट्याची सव्वा मूठ पडायची, आणि तो त्या वेळी नेहमी फोनवर बोलत बाहेर जायचा. "मंग मन्या पोरी?"

"तू तर नारय लेवाले उन्था!"

"ते ऱ्हाऊ द्या. पोरीस्नं सांगा."

"एकनं निस्तरू दे पहिले," आबा म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत. भगवानने टोपली दाराबाहेर ठेवली. जाताना ती न्यायला तो विसरला, आणि मनीषाने तिच्यात कांदे भरले.

*

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सगळे आले. भगवान बायको-पोरींसह आला. वर्षाने मूठ भरली. कलाबाईने नाव घेतलं, आणि नाव घेताना तिचा आवाज अडखळला, कारण त्या जागी असं नाव तिने कधी उच्चारलेलं नव्हतं. सव्वातला पाव आबांनी आपल्या हाताने टाकला.

एवढीशी मूठ आणि एवढी माणसं. प्रत्येकाच्या वाट्याला नखाएवढा तुकडा आला. उखा मोठ्याने म्हणाला, "चांगला व्हयना!" आणि ते कविताबेननाही ऐकू गेलं असावं, त्या दोन गल्ल्या पलीकडे राहत होत्या. वर्षाने आपला तुकडा दाढेखाली बराच वेळ ठेवला. चव नेहमीचीच होती.

पुढच्या शनिवारी संस्कार तासाला आचार्यसाहेब वेळेआधीच वर्गात आले. फोन खिशात होता. मागचे फोटो वर फार आवडले होते, असं त्यांनी सांगितलं.

"बेटा वर्षा," ते म्हणाले, "त्या दिवशी मी फोटोच काढत राहिलो. ते तुमचं, काय ते, रोट. आणलास का आज?"

वर्षा उभी राहिली. "नाही, साहेब."

"संपले?"

"संपले. पण असते तरी नसते आणले. पुढच्या वर्षीही नाही."

"का गं? गेल्या खेपेला तर सगळ्या वर्गाला वाटलास."

"तेव्हा चालत होतं," वर्षा म्हणाली. "आता मी कुळात आहे."

आचार्यसाहेबांनी बेनकडे पाहिलं. बेननी खिडकीबाहेर पाहिलं. फळ्यावर नवा विचार लिहायचा होता, पण खडू हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि शेवटी नुसती तारीख घातली.

पाळी शबनमची होती. तिने स्टीलचा डबा उघडला. तिच्या घरी फातेहाच्या प्रार्थनेला करतात तो मलिदा होता, कुस्करलेली पोळी, गूळ, तूप. वर्गात वास दरवळला. तिने कोणाचं नाव घेतलं नाही, मूठ मोजली नाही. बाकाबाकावरून निघाली, आणि आचार्यसाहेबांचा हात सगळ्यांत आधी पुढे आला. फोटो राहून गेला.

वर्षापाशी येऊन ती थांबली.

"तुला चालेल का आता?"

वर्षाने आबांचं सगळं बोलणं आठवून पाहिलं. देऊ नये, असं त्यांनी सांगितलं होतं. घेऊ नये, असं काही सांगितलं नव्हतं. तिने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.